डॉ. रुस्तम वकील, सर्पगंधा आणि ऑपरेशनचं टेबल

उच्च रक्तदाबाची गोळी आज तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. मीठ बंद, झोपून विश्रांती, गुंगीचं औषध किंवा पाठीच्या कण्यालगतच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. हे चित्र बदलण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतल्या पारशी घरात झाला. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्यांच्या वापरात शतकानुशतकं होती. झोप न लागणं, वेड लागणं यावर ती देत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असं लिहिलंही होतं. पण जगाने फारशी दखल घेतली नाही.

वकिलांनी रुग्ण निवडले, औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर रक्तदाब मोजला, दुष्परिणाम टिपले. सुमारे दहा वर्षांच्या अनुभवानंतर १९४९ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. मग बोस्टनमध्ये प्रयोग झाले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं केलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण औषध गाजलं तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब भूल दिल्यावर एकदम कोसळू लागला. कारण त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. नसांच्या टोकाला नॉरअ‍ॅड्रिनलीनचा साठा असतो. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळण्याचं काम तो करतो. रेसरपिन हे कोठारच रिकामं करतं. अशा वेळी इफेड्रिन टोचलं तरी फारसा उपयोग होत नाही, कारण ते मुख्यतः त्या साठ्यातूनच काम करून घेतं. तिथे थेट रक्तवाहिनीवर काम करणारं नॉरअ‍ॅड्रिनलीन द्यावं लागतं.

शिवाय औषध बंद केलं तरी कोठार लगेच भरत नाही, त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. औषध शरीरातून जाणं आणि त्याचा परिणाम जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅस्पिरिनचंही तसंच. ते काही तासांत रक्तातून जातं, पण रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांवरचा परिणाम सात ते दहा दिवस टिकतो.

मग ऑपरेशनआधी सगळीच औषधं बंद करावीत का? नाही. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी अचानक थांबवली तर हृदयाचा त्रास उलट वाढू शकतो. रेसरपिनबाबतही पुढे हेच ठरलं, की सरसकट बंद करण्यापेक्षा ते चालू आहे हे माहीत असणं आणि तयारीत असणं महत्त्वाचं.

शल्यचिकित्सा शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, की सुरी हातात घेण्याआधी पिशवी उघडून बघा. अकोले ते जामखेड, आपल्या जिल्ह्यातला रुग्ण गोळ्या चालू आहेत का या प्रश्नाला नाही म्हणतो, कारण पुडीतल्या चूर्णाला, मुळीला किंवा काढ्याला तो औषध समजतच नाही. त्यामुळे प्रश्न असा विचारा: गेल्या महिनाभरात काय काय पोटात घेतलं, कुणी दिलं, शेवटचं कधी घेतलं?

आणि वाचकहो, ऑपरेशनला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या सोबत न्या. संकोच करू नका. सर्पगंधा आधी पुडीतलीच मुळी होती, आणि तिची ताकद किती हे डॉ. वकिलांनी मोजून दाखवलं आहे.