सर अपिराना न्गाता

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, अगदी पूर्वेकडील किनाऱ्याजवळ, हिकुरांगी नावाचा पर्वत आहे. त्याची उंची सुमारे १७५० मीटर आहे. त्याच्या परिसरात न्गाती पोरोऊ ही माओरी लोकांची जमात राहते. तेथील वृद्ध माणसे सांगत की, फार प्राचीन काळी माऊई नावाच्या वीराने गळ टाकून हे सारे बेटच समुद्रातून वर ओढून काढले. त्या वेळी त्याची होडी हिकुरांगीच्या माथ्यावर अडकली आणि तेथेच राहिली. अशा कथा ऐकतच त्या जमातीतील मुले लहानाची मोठी होत. अपिराना न्गाता हे त्यांपैकीच एक.

त्यांचा जन्म ३ जुलै १८७४ रोजी ते आरारोआ या गावी झाला. वडील पारातेने हे जमातीच्या परंपरेचे चांगले जाणकार होते. नात्यातील आजोबा रापाता वाहावाहा हे तर नामांकित योद्धे व सरदार. घरात माओरी भाषा बोलली जाई. मात्र मुलाने गोऱ्या लोकांची विद्याही पुरती हस्तगत करावी, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. म्हणून दहा वर्षांचे होण्याच्या सुमारासच अपिराना घरापासून दूर असलेल्या ते आउते येथील विद्यालयात दाखल झाले. तेथील मुख्याध्यापक जॉन थॉर्नटन माओरी मुलांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करीत. अपिराना यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि १८९३ मध्ये ते पदवीधर झाले. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी मिळवणारे ते पहिले माओरी होत. पुढे त्यांनी कायद्याची पदवीही संपादन केली.

शहरात वकिली करून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. पण ते आपल्या मुलखात, वाइओमातातिनी येथे परत आले. त्या काळी माओरी समाजाची स्थिती शोचनीय होती. जमिनी हातच्या गेल्या होत्या, रोगराईने गावेच्या गावे ओस पडत होती. १८९६ च्या शिरगणतीत माओरींची संख्या अवघी सुमारे ४२ हजार भरली. ही जात आता नामशेष होणार, असे पुष्कळ गोरे विद्वान उघडपणे म्हणत. ते आउतेच्या माजी विद्यार्थ्यांना हे मान्य नव्हते. अपिराना, माऊई पोमारे आणि ते रांगी हिरोआ या तरुणांनी गावोगाव हिंडून आरोग्य, शेती व शिक्षण यांचा प्रचार केला. १९०५ मध्ये अपिराना संसदेवर निवडून आले आणि १९४३ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, त्यांनी आपली जागा राखली.

परंतु माणसे जगली आणि त्यांची स्मृती मेली, तर काय उपयोग, ही चिंता त्यांना अखंड लागून राहिली होती. गोरे लोक येण्यापूर्वी माओरींना लिपी नव्हती. वंशावळ, युद्धे, प्रवास, जमिनीच्या सीमा हे सर्व पाठांतराने, विशेषतः गीतांच्या द्वारे, जतन केले जाई. या प्राचीन गीतांना मोतेआतेआ म्हणतात. कोणी मेल्यावर गायची विलापगीते, विरहाची गीते आणि ओरिओरी नावाच्या अंगाया असे त्यांचे अनेक प्रकार आहेत. ओरिओरी ऐकून मूल झोपी जात असेल. पण ती रचली जाई ती त्याला कुळाचा इतिहास शिकवण्यासाठी. अशी एक प्रसिद्ध अंगाई आहे. बाळ भुकेने रडते आहे आणि त्याची समजूत घातली जात आहे की, थांब, तुझ्यासाठी रताळी आणली जात आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, रताळी शेजारच्या मळ्यातून यायची असतील. तसे नाही. ती यायची समुद्रापलीकडून, पूर्वजांच्या हवाइकी या मूळ भूमीहून! पोउरांगाहुआ नावाचा पूर्वज प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून तेथून रताळी घेऊन आला, अशी कथा आहे. गीतात ही कथा सविस्तर सांगितलेली नसते. नुसती नावे येतात. ज्याला कथा ठाऊक, त्यालाच गीत कळते. जाणते वृद्ध एकामागून एक काळाच्या पडद्याआड जात होते, आणि गीत ओठांवर राहूनही त्याचा अर्थ नाहीसा होत होता.

अपिराना यांनी हे संकट ओळखले. संसदेचे काम, जमिनींचे खटले, सभा या सर्वांतून वेळ काढून ते गीते गोळा करू लागले. १९२३ मध्ये राजधानीतील संग्रहालयाचे अभ्यासक पूर्व किनाऱ्यावर आले. वाइओमातातिनी येथे अपिराना यांनीच त्यांचे आतिथ्य केले. त्या वेळी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी उमटवणाऱ्या यंत्रात गायकांचे आवाज साठवले गेले. पुढील वर्षापासून एका माओरी नियतकालिकाची पुरवणी म्हणून गीते छापून निघू लागली, आणि १९२८ मध्ये ‘न्गा मोतेआतेआ’ या संग्रहाचा पहिला भाग निघाला. त्यात ९० गीते होती. नुसते शब्द छापून ते थांबले नाहीत. गीत कोणी रचले, कोणत्या जमातीचे, कोणत्या प्रसंगी, हे त्यांनी आरंभी दिले. खाली टिपांमध्ये माणसांची व स्थळांची नावे उलगडून दाखवली. खरे कष्ट होते ते या टिपांचे.

याच सुमारास त्यांना मोठा मान मिळाला व मोठा आघातही सोसावा लागला. १९२७ मध्ये ते ‘सर’ झाले, १९२८ मध्ये माओरी खात्याचे मंत्री झाले. आणि १९२९ मध्ये पत्नी अरिहिया व थोरला मुलगा माकारिनी हे दोघेही आजाराने दगावले. त्यांनी दुःख कामात बुडवले. पडीक माओरी जमिनी लागवडीखाली आणण्याची मोठी योजना त्यांनी झपाट्याने चालवली. मात्र कचेरीच्या नियमांविषयी त्यांना धीर नव्हता. चौकशी आयोगाने हिशेबांतील गोंधळाबद्दल ठपका ठेवला आणि १९३४ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा दोष त्यांच्या स्वभावात होताच. तो झाकण्याचे कारण नाही.

मंत्रिपद गेले, तरी काम सुटले नाही. त्यांच्याच प्रयत्नाने रोटोरुआ येथे माओरी कलांची शाळा निघाली होती. तेथे तयार झालेल्या कारागिरांनी अनेक गावांत कोरीव सभागृहे उभारली. ६ फेब्रुवारी १९४० रोजी वाइतांगी येथे अशाच एका भव्य सभागृहाचे उद्घाटन झाले. माओरी सरदार व ब्रिटिश राजसत्ता यांच्यातील कराराला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण होत होती. पासष्ट वर्षांचे अपिराना त्या दिवशी सर्वांच्या पुढे उभे राहिले आणि पाय आपटीत, हात उंचावून त्यांनी हाका नृत्याचे नेतृत्व केले.

१४ जुलै १९५० रोजी वाइओमातातिनी येथेच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षीच्या शिरगणतीत माओरींची संख्या एक लाखाहून अधिक भरली. गीतसंग्रहाचे काम पेई ते हुरिनुई जोन्स यांनी हाती घेतले आणि गीतांना इंग्रजी भाषांतराची जोड दिली. चौथा भाग १९९० मध्ये, अपिराना यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला.