एका रायफलीची किंमत

बँकेत शाखाधिकारी असताना सोनेतारणाचे दागिने मी शेकड्यांनी पाहिले. सराफ कसोटीवर घासायचा, तराजूत टाकायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा. एकदा मात्र एक बाई दिवंगत पतीच्या बोल्टच्या जुन्या शिकारी रायफलीचा परवाना घेऊन आल्या. रायफल पोलीस ठाण्यात जमा होती. तिच्यावर कर्ज मिळेल का, असे त्यांनी विचारले. बँक शस्त्र तारण ठेवत नाही, एवढे मी सांगितले. मग निदान तिची किंमत किती, या त्यांच्या पुढच्या प्रश्नापाशी मी गप्प झालो.

पुढे बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने मला ती परीक्षा समजावली. आधी बोल्ट काढायचा आणि नळी उजेडाकडे धरायची. आतले पीळ धारदार हवेत, गंजाचे खड्डे नकोत. जुन्या काडतुसांतल्या क्षारांनी नळ्या आतून खाल्ल्या जात. नळीच्या तोंडाची कड दुखावलेली असेल तर गोळी भरकटते. बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. नवे पॉलिश चढवलेला दस्ता देखणा दिसतो, पण शौकिनांच्या लेखी किंमत घटवतो. शेवटी टेकू देऊन चार-पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या किती जवळजवळ बसतात ते पाहायचे. हे सारे झाले की उरतो एकच प्रश्न : ती कोणाच्या हातात होती?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर म्हणजे जिम कॉर्बेट. २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला त्यांचा जन्म झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. ते वारले तेव्हा जिम सहा वर्षांचेही नव्हते. विशी उलटण्याआधीच त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि पुढे बिहारात मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्यात सुमारे वीस वर्षे काढली.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. नरभक्षकामागे जाताना कॉर्बेट यांच्या दोन अटी असत : जाहीर झालेले इनाम रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा. पैशासाठी त्यांना बंदूक उचलायची नव्हती. म्हणून संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्यूएट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, जर्मन माउझर बोल्टची, .२७५ बोअरची. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी होती आणि तिच्यावर भेटीचे कारण कोरले होते.

१९२६ साली कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या मारला. सरकारी नोंदीनुसार त्याचे बळी १२५. १९३० साली चौगढची वाघीण अवघ्या काही फुटांवर समोर आली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती. उजव्या हातातली हलकी रायफल त्यांनी सावकाश वळवली आणि एका हातानेच गोळी झाडली. जड रायफल तशी वळली नसती. कागदावरच्या निशाण्यात हे मोजता येत नाही.

पुढे कॉर्बेट यांनी कॅमेरा हाती घेतला. वाघ वाचावा म्हणून ते झटले. १९३६ साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला १९५७ साली त्यांचे नाव मिळाले. १९४७ साली ते बहीण मॅगीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे गेली, २०१५ साली पुन्हा रिग्बीकडे आली आणि २०१६ साली कुमाऊंचे डोंगर पाहून गेली.

तशा माउझर रिग्बीने कितीतरी बनवल्या. या एकीला अमोल केले ते चांदीच्या त्या पट्टीने, कारण ती खरी होती.

आज त्या बाई समोर असत्या तर म्हणालो असतो : नळी एखाद्या जाणकाराला दाखवा, पण पतीच्या हातची जुनी पावती, एखादे पत्र, रायफलीसह काढलेला फोटो रद्दीत घालू नका. तेवढे सांगायला माझ्या खुर्चीला कुठलाच नियम आड येत नव्हता.