खजुराच्या बियेतले झाड

मगरीबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि त्याची बी ताटलीच्या कडेला पडते. इफ्तारच्या घाईत त्या बीकडे कुणाचे लक्ष जात नाही. नऊशे वर्षांपूर्वी एका थोर आलिमाने मात्र याच बीचे उदाहरण देऊन एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. माणसाचा स्वभाव बदलू शकतो का, हा तो प्रश्न. आणि ते आलिम म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली.

इमाम गझालींचा जन्म इ.स. 1058 मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ आहे. वडील लोकर विकून पोट भरणारे साधे गृहस्थ होते, असे चरित्रकार सांगतात. मरण्यापूर्वी त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले. जवळची पुंजी संपली तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तिथे शिक्षणासोबत दोन वेळच्या जेवणाचीही सोय होती. अनाथ पोरांची विद्येची वाट अशी भाकरीच्या शोधात सुरू झाली.

तरुणपणीची त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. जुरजान येथील शिक्षण आटोपून ते तूसला परतत असताना वाटेत दरोडेखोरांनी काफिल्याला लुटले. बाकी सगळे गेले तरी चालेल, पण माझ्या टिपणांची पिशवी तेवढी परत द्या, अशी विनवणी करीत ते टोळीच्या मागे गेले. टोळीचा म्होरक्या हसला. जी विद्या चोराला पळवता येते तिला विद्या कसे म्हणायचे, असे त्याने विचारले आणि पिशवी परत दिली. तो टोमणा त्यांच्या जिव्हारी लागला. पुढची तीन वर्षे त्यांनी ती सगळी टिपणे मुखोद्गत करण्यात घालवली. आपली विद्या कागदात आहे, ही त्यांची समजूत एका दरोडेखोराने मोडली.

निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्याकडे त्यांचे पुढील शिक्षण झाले. 1091 मध्ये वजीर निजामुल मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. तेव्हा त्यांचे वय अवघे 33 वर्षांचे होते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. दरबारात मान होता, पैसा होता, वादविवादात कुणी समोर टिकत नव्हते.

पण 1095 मध्ये वेगळेच घडले. आपण हे सारे कशासाठी करतो, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि मनातून आलेले उत्तर त्यांना आवडले नाही. अल्लाहच्या नावाने चाललेल्या अध्यापनामागे नावलौकिकाची हाव होती. बगदाद सोडावे असे वाटे, पण पाय निघत नसे. एक पाऊल पुढे टाकावे, तर दुसरे मागे येई. सकाळी केलेला निश्चय संध्याकाळी विरघळून जाई. एवढी प्रतिष्ठा सोडलीस तर पुन्हा मिळणार नाही, ही तर चार दिवसांची लहर आहे, असे मन बजावत राही. सुमारे सहा महिने ही ओढाताण चालली. शेवटी त्यांची जीभच अडखळली. विद्यार्थ्यांपुढे बसले तरी शब्द फुटेना, घास गिळवेना. हा आजार मनातून शरीरात उतरला आहे, असे सांगून हकिमांनीही हात टेकले. ही कबुली त्यांनी पुढे स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली.

अखेर त्यांनी अल्लाहपुढे हात पसरले आणि जे सोडणे अशक्य वाटत होते, ते सोडणे सोपे झाले. कुटुंबापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. मदरशाची जबाबदारी धाकटा भाऊ अहमद याच्याकडे दिली आणि ते बगदादमधून बाहेर पडले. दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या मिनारावर दार लावून ते दिवसभर इबादतीत बसत. तिथून जेरुसलेम, हेब्रॉन आणि मग हज असा त्यांचा प्रवास झाला. इह्या उलूमुद्दीन हा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ याच काळातला.

या ग्रंथात खजुराची बी येते. स्वभाव जन्मजात असतो, तो बदलत नाही, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. इमाम त्यांना विचारतात, तसे असते तर उपदेश आणि शिकवण यांना अर्थ काय उरला असता? रानटी बहिरी ससाणा माणसाळतो, उधळणारा घोडा लगाम मानतो, मग माणूसच का बदलणार नाही? खजुराची बी आज झाड नसते, पण निगा राखली तर तिचे झाड होते. मात्र कितीही खतपाणी घातले तरी तिचे सफरचंदाचे झाड होणार नाही, हेही ते स्पष्ट सांगतात. राग किंवा वासना मुळापासून उपटता येत नाही आणि तसे कुणी सांगितलेलेही नाही. त्यांना लगाम घालता येतो, आणि तेवढेच आपले काम आहे.

मग बदलायचे कसे? सुंदर अक्षराचा कातिब व्हायचे असेल, तर आधी कातिबासारखे गिरवत बसावे लागते. सुरुवातीला ती नक्कल असते, पुढे हाताला वळण लागते. स्वभावाचेही तसेच आहे. सहनशीलता अंगी यावी म्हणून एका बुजुर्गाने चारचौघांत आपल्याला शिव्या देण्यासाठी चक्क पगारी माणूस ठेवला होता. दुसरा एक भित्रेपणा घालवण्यासाठी हिवाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात प्रवासाला निघे. असे दाखले इमाम देतात.

रोजाबद्दलही ते पायऱ्या सांगतात. पहिली पायरी उपाशी राहण्याची. दुसरी डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांच्या रोजाची. तिसरी अंतःकरणाच्या रोजाची. दिवसभर राखलेले सारे इफ्तारला एका बैठकीत भरून काढले तर रोजाचा हेतूच हरवतो, अशी ताकीदही ते देतात.

1106 मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम जुनेच होते, पण आता त्यामागे नावाची हाव नव्हती. शेवटची वर्षे त्यांनी तूसला घराशेजारच्या मदरशात आणि खानकाहमध्ये काढली. डिसेंबर 1111 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

मला राग आवरत नाही, माझी तंबाखू सुटत नाही, या वयात मला कुराण वाचायला जमणार नाही, असे आपण वर्षभर म्हणतो. आणि रमजानमध्ये तीच माणसे भर उन्हात घोटभर पाण्याशिवाय मगरीबपर्यंत राहतात. तंबाखूची चिमूट दिवसभर खिशातच राहते. म्हणजे जमत नाही ही समजूत रोज संध्याकाळी खोटी ठरते. आज इफ्तारनंतर ताटलीतली ती बी जरा हातात घेऊन पाहा, आणि ईदनंतरही सोडायची नाही अशी एकच सवय ठरवा.