फक्त ६० प्रती छापल्या आणि मेंदूकडे बघण्याची जगाची नजरच बदलली

साल १८८८. स्पेनमधलं बार्सिलोना शहर.

तिथल्या एका ३६ वर्षांच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक शास्त्रीय त्रैमासिक सुरू केलं. पहिल्या अंकाच्या प्रती छापल्या किती? फक्त ६०. त्यातल्या बहुतेक त्यांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांना पोस्टानं पाठवल्या.

या प्राध्यापकांचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. आज त्यांना मेंदूविज्ञानाचे जनक मानलं जातं.

काहाल यांचा जन्म १८५२ चा. लहानपणी पोराला एकच वेड, चित्रं काढायची. वडील डॉक्टर, त्यांना हे अजिबात पटत नव्हतं. पोरगा अभ्यासात लक्ष देईना म्हणून त्यांनी त्याला कधी न्हाव्याकडे, तर कधी चांभाराकडे कामाला ठेवलं. शेवटी कब्रस्तानातली हाडं आणून त्याला शरीररचना शिकवली. हाडांची चित्रं काढता काढता पोरगा वैद्यकशास्त्रात रमला.

डॉक्टर झाल्यावर काहाल सैन्यातून क्युबाला गेले. तिथून मलेरिया घेऊन परतले आणि पुढं शिकवण्याकडे वळले.

त्या काळी एक मोठा प्रश्न होता. मेंदू म्हणजे एकमेकांत गुंतलेलं एकसंध जाळं आहे, की सुट्या सुट्या पेशींचा समूह?

इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीचे क्षार वापरून मेंदूतल्या पेशी रंगवण्याची पद्धत शोधली होती. या पद्धतीत मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या फांद्यांसकट दिसतात. अडचण एवढीच, की ती कधी जमायची, कधी फसायची. त्यामुळं तिच्याकडे फारसं कुणी वळलं नाही. स्वतः गोल्जी जाळ्याच्याच बाजूचे होते.

१८८७ मध्ये काहाल यांनी माद्रिदला लुईस सिमारो या डॉक्टरांकडे अशी एक स्लाइड पाहिली आणि ते त्या पद्धतीच्या मागेच लागले. त्यांनी दोनदा रंगवून पाहिलं. प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण आणि पिल्लं घेतली, कारण त्यांच्या तंतूंवर आवरण पुरतं चढलेलं नसतं आणि रंग नीट बसतो.

पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना दिसलं, की एका पेशीची फांदी दुसरीच्या अगदी जवळ जाते, पण तिच्यात मिसळत नाही. म्हणजे प्रत्येक पेशी स्वतंत्र!

शोध लागला, पण तो वाचणार कोण? विज्ञान चालायचं जर्मन आणि फ्रेंचमध्ये, अंक होता स्पॅनिशमध्ये. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

मग १८८९ मध्ये काहाल स्वखर्चानं थेट बर्लिनला गेले. तिथं शरीररचनाशास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं. सोबत स्लाइड होत्या, आणि बोलायला मोडकंतोडकं फ्रेंच. सूक्ष्मदर्शक मांडून ते एकेकाला बोलावून दाखवू लागले.

७२ वर्षांचे नामांकित शास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी डोळा लावला आणि त्यांना पटलं. त्यांनी काहाल यांचं काम युरोपभर पोहोचवलं. एवढंच नाही, तर ते वाचता यावं म्हणून उतारवयात स्पॅनिश शिकले.

१८९१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डायर यांनी या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिलं.

१९०६ चं नोबेल काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळालं. गंमत म्हणजे गोल्जींनी आपल्या नोबेल व्याख्यानातच न्यूरॉनच्या सिद्धांताला विरोध केला. ज्यांच्या पद्धतीनं हा सिद्धांत उभा राहिला, त्यांनाच तो मान्य नव्हता.

काहाल १९३४ मध्ये गेले. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. काही पेशी थेट जोडलेल्या असतात हेही पुढं कळलं, पण मूळ सिद्धांत टिकला.

त्यांचा मेंदूरचनेवरचा मोठा ग्रंथ स्पॅनिशमध्ये १८९९ ते १९०४ या काळात निघाला. तो जगभर वाचला गेला तो मात्र १९०९ ते १९११ मध्ये आलेल्या फ्रेंच आवृत्तीमुळं.

आजही संशोधक त्यांचे संदर्भ देतात. वडिलांना नको असलेल्या छंदातून आलेली त्यांची चित्रं आजही मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत छापली जातात.