स्फटिक जाणणारे फादर आउई

पेणच्या खाडीकाठी पिकत आलेल्या खड्या मिठाचा दाणा आपण फोडला, तर तुकडेही चौकोनीच निघतात. असे का होते, याचा छडा लावणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर रेने ज्युस्त आउई.

फ्रान्समध्ये १७४३ साली एका गरीब विणकराच्या घरी ते जन्मले. गुरुदीक्षेनंतर पॅरिसच्या कॉलेजात शिकवू लागले. एकदा मित्राकडे कॅल्साइटचा स्फटिक खाली पडून फुटला. फुटलेल्या बाजूही गुळगुळीत, कोन ठरलेले! घरी येऊन फादरांनी स्वतःच्या संग्रहातले वेगवेगळ्या आकारांचे कॅल्साइटही फोडले. (जमवणाऱ्यालाच कळेल त्याचे दुःख.) सगळ्यांच्या आत आकार एकच निघाला. एकसारखे सूक्ष्म घटक शिस्तीने रचले जाऊन स्फटिक बनतो, असे त्यांनी १७८४ च्या ग्रंथात मांडले. आतली ही शिस्त १९१२ मध्ये क्ष-किरणांनी सिद्ध झाली.

क्रांतीच्या काळात धर्मगुरूंवर लादलेली शपथ त्यांनी घेतली नाही. ऑगस्ट १७९२ मध्ये अटक झाली. ज्योफ्रा सेंत-इलेर या तरुण शास्त्रज्ञाने धावपळ करून त्यांना सोडवले. सप्टेंबरात त्याच ठिकाणी कोंडलेल्या अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली. पुढे शास्त्रज्ञ लव्हाझिए तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्यासाठी रदबदली करणाऱ्या मोजक्यांत फादर होते. स्वतः जेमतेम वाचलेल्या माणसाचे हे धैर्य आम्हाला त्यांच्या शोधाहून मोठे वाटते.

१८२२ साली ते वारले. रोह्याच्या डोंगरांत आहे तसाच काळा पाषाण पुणे-जळगावकडेही आहे. तिथे त्याच्या पोकळ्यांत अपोफिलाइटचे हिरवट स्फटिक सापडतात. ते नाव १८०६ मध्ये फादरांनीच ठेवलेले.