गोविंदप्पा वेंकटस्वामी

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी (जन्म : वडमलापुरम, तत्कालीन मद्रास इलाखा, १ ऑक्टोबर १९१८, मृत्यू : मदुराई, ७ जुलै २००६) हे भारतीय नेत्रशल्यविशारद आणि अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक होते. सहकारी आणि रुग्ण त्यांना डॉ. व्ही. या आटोपशीर नावाने ओळखत. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी मदुराईत ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. पुढे ते जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक झाले. गरिबांवर विनामूल्य उपचार करणारे डॉक्टर अशी त्यांची सर्वसाधारण ओळख आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. नेत्ररुग्णालयातील कामाची नव्याने वाटणी करून त्यांनी खेड्यातील शिकलेल्या मुलींसाठी एक नवा व्यवसाय उभा केला आणि त्या पायावरच विनामूल्य शस्त्रक्रियांचे गणित जुळले.

बालपण आणि शिक्षण

वेंकटस्वामींचा जन्म मदुराईच्या दक्षिणेस असलेल्या एका कोरडवाहू खेड्यातील शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते थोरले होते. सकाळी म्हशी चारायच्या आणि मग चालत शाळेला जायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. पाटी किंवा कागद सहज मिळत नसल्याने मुले नदीकाठची वाळू आणून तिच्यावर अक्षरे गिरवीत. गावात डॉक्टर नव्हता. त्यांच्या तीन चुलत बहिणी गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत, वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावल्या. या मृत्यूंमुळे त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरवले. प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवावे, अशी त्यांची इच्छा होती.

मदुराईच्या अमेरिकन कॉलेजमधून १९३८ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९४४ मध्ये मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर विद्यार्थिदशेतच पडला होता. पुढे श्रीअरविंद आणि पुदुच्चेरीच्या श्रीमाताजी यांच्या शिकवणुकीकडे ते ओढले गेले. रुग्णालयाचे नावही श्रीअरविंदांवरूनच ठेवलेले आहे.

आजार आणि नेत्रशल्यचिकित्सा

१९४५ ते १९४८ या काळात ते लष्कराच्या वैद्यकीय दलात होते. तेथेच त्यांना आमवाताने गाठले. सांधे सुजवून बोटे वाकडी करणाऱ्या या आजारामुळे त्यांना लष्करी सेवा सोडावी लागली आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. बोटांत लेखणीही धरवेना. प्रसूतिकक्षात तासन्‌तास उभे राहणे आता शक्य नव्हते. प्रसूतितज्ज्ञ होण्याचा विचार त्यांनी सोडून दिला आणि ते नेत्रविज्ञानाकडे वळले.

ही निवड वरवर पाहता विसंगत वाटते, कारण डोळ्यावरील शस्त्रक्रियेला लागणारी बोटांची नजाकत इतर फारच थोड्या शस्त्रक्रियांना लागते. मात्र या शस्त्रक्रियेत हालचाली लहान असतात, जोर लागत नाही आणि वेळही थोडा लागतो. वेंकटस्वामींनी आपल्या वाकलेल्या बोटांना जमेल अशा रीतीने शस्त्र धरण्याचा सराव केला आणि हाताला सोयीची उपकरणेही बनवून घेतली. १९५१ मध्ये त्यांनी नेत्रशल्यविज्ञानातील पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे एका दिवसात १०० मोतीबिंदू काढण्याइतका वेग त्यांनी साधला. त्यांनी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या एक लाखाच्या वर गेली. वेदनांनी मात्र त्यांची साथ अखेरपर्यंत सोडली नाही.

शासकीय सेवा

१९५६ मध्ये त्यांची मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागप्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथील वीस वर्षांत पुढच्या सगळ्या कार्याची तालीम झाली, असे म्हणता येईल. मोतीबिंदूने दृष्टी गेलेली खेड्यातील माणसे शहरातील रुग्णालयापर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी फिरती नेत्रशिबिरे सुरू केली. ज्यांची दृष्टी परत येणे शक्य नव्हते, अशांसाठी त्यांनी पुनर्वसन केंद्र काढले. अ जीवनसत्त्वाच्या अभावी आंधळ्या होणाऱ्या बालकांसाठी पोषण केंद्रही चालवले. रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी फॉर द ब्लाइंड या संस्थेचे संस्थापक, स्वतः अंध असलेले सर जॉन विल्सन, यांच्याशी त्यांचा याच काळात स्नेह जुळला.

शिबिरांतून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रुग्णाला शस्त्रक्रिया फुकट मिळाली तरी ती त्याच्या दृष्टीने फुकट नसते. गाडीभाडे, दोन दिवसांचे जेवण आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज हे सारे त्याच्याच पदरचे जाते. त्यामुळे पुढे अरविंदच्या शिबिरांतून निवडलेल्या रुग्णाला नेण्या-आणण्याची, राहण्याची आणि जेवणाची सोय रुग्णालयाकडेच घेण्यात आली.

दुसरी अडचण मनुष्यबळाची होती. मोतीबिंदूचे रुग्ण अगणित आणि नेत्रतज्ज्ञ मूठभर, अशी देशाची स्थिती होती. त्यातही नेत्रतज्ज्ञाचा बराचसा वेळ चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्यातील दाब मोजणे, थेंब घालणे, नोंदी ठेवणे अशा कामांत जाई. या कामांना कौशल्य लागते, पण त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. म्हणून १९७३ मध्ये वेंकटस्वामींनी नेत्रसहायकांचे प्रशिक्षण सुरू केले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्यातही प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेत्रसहायक नेमण्याची तरतूद होती.

अरविंद नेत्र रुग्णालय

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर वेंकटस्वामींनी गोवेल ट्रस्ट या न्यासाद्वारे रुग्णालय सुरू केले. भांडवल नव्हतेच. घर गहाण टाकले गेले, कुटुंबातील स्त्रियांचे दागिनेही त्यात गेले. ते स्वतः अविवाहित होते. वडिलांच्या पश्चात धाकट्या भावंडांचे शिक्षण त्यांनीच केले होते आणि आता ती भावंडे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. धाकटी बहीण डॉ. जी. नाच्चियार आणि तिचे पती डॉ. पी. नंपेरुमाळसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ होते. बांधकाम व्यवसायातील बंधू जी. श्रीनिवासन यांनी इमारती आणि हिशेब सांभाळले. काही वर्षांनी व्यवस्थापनशास्त्र शिकलेले आर. डी. तुलसीराज येऊन मिळाले.

रुग्णालयाची वाढ झपाट्याने झाली. १९७७ मध्ये ३० खाटांची जोडइमारत झाली आणि १९७८ मध्ये ७० खाटांचे विनामूल्य रुग्णालय उघडले. १९८१ मध्ये २५० खाटांची मुख्य इमारत उभी राहिली. त्यानंतर तेनी (१९८५), तिरुनेलवेली (१९८८), कोइमतूर (१९९७) आणि पुदुच्चेरी (२००३) येथे शाखा निघाल्या. पैसे भरायचे की विनामूल्य विभागात जायचे, हे रुग्णाने स्वतः ठरवावे, असा नियम पहिल्यापासून होता. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नसे. पैसे भरणाऱ्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या शुल्कातून उरलेल्यांचा खर्च निघे. खोलीत आणि गादीत फरक असला तरी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोन्हीकडे तेच असत.

नेत्रसेविकांचा व्यवसाय

अमेरिकेतील मॅकडॉनल्ड्‌सच्या उपाहारगृहांचे वेंकटस्वामींना मोठे कुतूहल होते. हजारो ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, एकसारखा पदार्थ एकसारख्या दर्जाचा कसा बनवावा, हे त्यांना त्यातून शिकायचे होते. अध्यात्मात रमलेल्या माणसाने उपाहारगृहाकडून धडा घ्यावा, याची अनेकांना गंमत वाटे. हा धडा त्यांनी शस्त्रक्रियागृहात आणला. एका शल्यविशारदाच्या दोन बाजूंना दोन टेबले मांडली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार ठेवला जाई. डोळा धुणे, कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे याची खातरजमा करणे, उपकरणे क्रमाने मांडणे आणि शेवटी पट्टी बांधणे ही कामे परिचारिका करीत. निर्णायक काही मिनिटे तेवढी डॉक्टरची. सूक्ष्मदर्शक फिरवून तो लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळे. अशा रीतीने अरविंदमधील एक शल्यविशारद वर्षाला २,००० हून अधिक शस्त्रक्रिया करू लागला. देशातील सर्वसाधारण नेत्रतज्ज्ञाची संख्या याच्या काही अंशानेच असे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे प्रशिक्षित नेत्रसेविका. रुग्णालयात सर्वजण त्यांना सिस्टर म्हणत. या मुली बहुतेक आसपासच्या खेड्यांतील, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या, सतरा ते एकोणीस वर्षांच्या असत. निवडीच्या वेळी त्यांच्या आईवडिलांनाही बोलावले जाई. मुलीला शहरात, वसतिगृहात ठेवायचे तर घरच्यांचा विश्वास मिळवणे आवश्यक होते. प्रशिक्षण दोन वर्षांचे, विनाशुल्क आणि विद्यावेतनासह असे. आरंभीचे काही महिने सर्वांना शरीररचना, डोळ्याचे विकार आणि रुग्णाशी वागण्याची रीत शिकवली जाई. त्यानंतर प्रत्येकीला एक शाखा दिली जाई. कोणी चष्म्याचे नंबर काढण्यात, कोणी शस्त्रक्रियागृहात, कोणी वॉर्डात, कोणी समुपदेशनात तर कोणी नोंदी ठेवण्यात तरबेज होई. समुपदेशन करणारी सिस्टर रुग्णाला त्याच्याच बोलीत शस्त्रक्रिया समजावून सांगे. घाबरलेली म्हातारी डॉक्टरांपुढे जे बोलत नसे, ते तिच्यापाशी बोले. या साऱ्या प्रशिक्षणाची घडी डॉ. नाच्चियार यांनी बसवली. कालांतराने संस्थेच्या कर्मचाऱ्यांत निम्म्याहून अधिक वाटा या सेविकांचा झाला. अनुभवी सेविका पर्यवेक्षक आणि प्रशिक्षक झाल्या. वेंकटस्वामींच्या अखेरच्या वर्षांत गावोगावी दृष्टिकेंद्रे निघू लागली. तेथे प्रशिक्षित नेत्रसहायक डोळे तपासून दूरचित्र यंत्रणेद्वारे शहरातील डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागल्या.

ज्या मुलीपुढे शाळा सुटल्यावर शेतमजुरी किंवा लग्न एवढेच पर्याय होते, तिला या योजनेने पगार, गणवेश आणि गावात मान दिला. अंधत्व निवारणाच्या आकडेवारीत हे फळ मोजले जात नाही, पण ते लहान नव्हते.

कृत्रिम भिंगे

सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत गढूळ भिंग काढून टाकून रुग्णाला जाड काचांचा चष्मा दिला जाई. चष्मा हरवला किंवा फुटला की रुग्ण पुन्हा जवळजवळ आंधळाच. शिवाय त्या काचांतून वस्तू मोठ्या दिसत आणि कडेचे दिसत नसे, त्यामुळे शेतात काम करणे अवघड होई. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग, म्हणजे बोलीभाषेतील लेन्स, बसवण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली होती. मात्र ती भिंगे इतकी महाग होती की गरीब देशांना ती परवडणारच नाहीत, असे तज्ज्ञांचे मत होते. श्रीमंतांना लेन्स आणि गरिबांना चष्मा हा भेद वेंकटस्वामींना मान्य नव्हता. सेवा फाउंडेशन आणि अमेरिकेतील डेव्हिड ग्रीन यांच्या साहाय्याने १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब हा कारखाना निघाला. आयात भिंगासाठी १०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत, तेथे ऑरोलॅबचे भिंग सुमारे १० डॉलरमध्ये मिळू लागले आणि पुढे ते आणखी स्वस्त झाले. कारखान्यातील बारीक कामही प्रामुख्याने खेड्यातून आलेल्या तरुणीच करीत. त्याच वर्षी इतर रुग्णालयांना ही कार्यपद्धती शिकवण्यासाठी लायन्स अरविंद सामुदायिक नेत्रविज्ञान संस्थाही सुरू झाली.

आक्षेप

या पद्धतीवर टीकाही झाली. शस्त्रक्रियागृहाचा कारखाना केला, हा आक्षेप सर्वांत जुना. एकाच खोलीत दोन रुग्ण ठेवल्याने जंतुसंसर्ग वाढेल, अशी भीतीही व्यक्त होई आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. तिचे उत्तर आकड्यांनीच देणे भाग होते. वेंकटस्वामींच्या पश्चात, २०१७ मध्ये, अरविंदमधील सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यातील गंभीर संसर्गाचे प्रमाण मुळातच दर १०,००० शस्त्रक्रियांमागे सुमारे सात होते आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडण्याची पद्धत आल्यावर ते सुमारे दोनवर आल्याचे दिसले.

वेतनाचा प्रश्न अधिक अवघड होता. डॉक्टरांना खाजगी व्यवसायाच्या मानाने कमी पैसे आणि कितीतरी जास्त काम असे. अनेक तरुण डॉक्टर काही वर्षे हात बसवून घेत आणि निघून जात. लग्नानंतर नोकरी सोडणाऱ्या सेविकाही पुष्कळ होत्या, त्यामुळे दरवर्षी नवी तुकडी घडवावी लागे. ध्येयवादावर चालणाऱ्या संस्थेत कष्टाचा मोबदला किती असावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर वेंकटस्वामींच्या हयातीत मिळाले, असे म्हणता येत नाही. स्वतः त्यांनी रुग्णालयातून वेतन न घेता निवृत्तिवेतनावर गुजराण केली, पण हा दंडक संसारी माणसांना लावता येण्यासारखा नव्हता.

अखेर आणि सन्मान

हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९९३ मध्ये अरविंद रुग्णालयावर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले. ते जगभरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत शिकवले जाते. वयाची ऐंशी उलटल्यावरही वेंकटस्वामी दररोज रुग्णालयात येत. ७ जुलै २००६ रोजी मदुराई येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्थेची धुरा डॉ. नंपेरुमाळसामी यांनी सांभाळली. पुढे संस्थेला २००८ मध्ये गेट्स जागतिक आरोग्य पुरस्कार आणि २०१० मध्ये कॉनरॅड हिल्टन मानवतावादी पुरस्कार मिळाला. पवित्रा मेहता आणि सुचित्रा शेणॉय यांनी इंग्रजीत लिहिलेले इन्फिनिट व्हिजन हे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले.