श्यामच्या आईची जन्मकथा

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. एके काळी संपन्न असलेले त्यांचे खोत घराणे पुढे कर्जबाजारी झाले. त्या दारिद्र्यातही आई यशोदाबाईंनी मुलांना सत्य, स्वाभिमान आणि भूतदया यांचे संस्कार दिले. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले. पांडुरंग तेव्हा शिक्षणासाठी दूर होते. वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अखेरच्या क्षणी आपण आईजवळ नव्हतो, हे शल्य त्यांच्या मनात कायम राहिले.

त्याच वर्षी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचा शोकाविषयीचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. शोक करणारे मन गेलेल्या माणसाची एकेक आठवण पुन्हा जागी करते आणि त्यातूनच हळूहळू सावरते, असा विचार त्यांनी मांडला. गुरुजींचे जीवन या विचाराच्या प्रकाशात पाहण्यासारखे आहे.

१९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांचे कपडे ते धूत, त्यांची अंथरुणे आवरत. आईची माया त्यांच्याच हातांतून मुलांपर्यंत पोहोचत होती. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा मोठा भाग लिहिला. पुस्तकातील श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्रींमधून सोळा वर्षे मनात साठलेले दुःख शब्दरूप झाले.

अस्पृश्य मानलेल्या वृद्धेला मदत करण्यास श्यामची आई त्याला शिकवते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे, म्हणून गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले, तेव्हा तीच शिकवण कृतीत उतरली.

लेखनाने त्यांच्या सर्व वेदना शमल्या, असे मात्र म्हणता येत नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. तरीही एका मुलाचे खाजगी दुःख त्यांनी असंख्य वाचकांचा आधार बनवले. आपली आई गमावलेल्या कित्येकांना त्या पुस्तकात ती पुन्हा भेटते.